राहिलेलं मिनिट

क्लेमेंटीनबाईंच्या साखरेचा रिपोर्ट घरपोच नेऊन देणं हे काही अश्लेषाचं काम नव्हतं. माणिकपूरच्या एका लॅबमध्ये ती लोकांचं रक्त काढायची, नळ्यांवर नावं लिहायची आणि "रिपोर्ट कधी मिळेल?" ह्या एकाच प्रश्नाला दिवसातून साठ वेळा एकच उत्तर द्यायची. पण म्हातारीचा पाय मुरगळलेला, फोनवरचा आवाज अगदी केविलवाणा. शेवटी सप्टेंबरातल्या एका कुंद संध्याकाळी तिने पाकीट पर्समध्ये टाकलं आणि होळी गावाची रिक्षा पकडली. साल अठ्ठ्याण्णव. पाऊस जातो जातो म्हणत होता आणि जात नव्हता.

केळीच्या वाडीतून आत गेलेली पायवाट, टोकाला कौलारू घर. ओट्यावर चढून ती छत्री मिटत होती तेवढ्यात आतून पियानो ऐकू आला. आणि गंमत म्हणजे तिला ती धून येत होती! पार लहानपणापासून पाठ होती. पायातल्या चपला काढता काढता ती नकळत गुणगुणायला लागली. आतला पियानो मध्येच थांबला, ती मात्र चार-पाच सूर तशीच पुढे गेली आणि मग थांबली.

"पुढचं?" आतून कुणीतरी विचारलं.

दारात एक तरुण उभा होता. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानावर पेन्सिल.

"पुढचं काय?" ती गोंधळली.

"मी मुद्दाम थांबलो. म्हटलं, बघू कुठपर्यंत जाताय. तर तुम्ही पण थांबलात."

"तिथेच तर संपतं ते."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? माझे बाबा रोज दाढी करताना हेच गुणगुणतात. रोज इथेच संपवतात."

तो हसला. हसला की त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटायचा, हे तिने रिपोर्ट द्यायच्या आधीच बघून ठेवलं. "इथे नाही संपत," तो म्हणाला. "इथे तर बैल अजून फिरतोय."

त्याचं नाव कॉन्रॅड. धून त्याच्या आजोबांची, सिप्रियन लोपीस ह्यांची. एके काळी मुंबईच्या मोठ्या हॉटेलात ते जॅझ पियानो वाजवायचे आणि त्यांच्यासाठी म्हणून लोक तिथे जेवायला यायचे. लहानपणी ह्याच वाडीतल्या विहिरीवर त्यांनी रहाटाचा बैल हाकला होता. त्या रहाटाची लय त्यांनी पियानोवर बसवली. रेकॉर्ड एकच निघाली, तीनशे प्रती, त्यातल्या निम्म्या तर घरातच पडून होत्या. "मग तुमच्या बाबांना कशी माहीत?" कॉन्रॅडने विचारलं. "हॉटेलात जायचे?"

अश्लेषाला हसूच आलं. तिचे बाबा, तार ऑफिसातले शांताराम तळवडेकर, आणि कोट-टाय घालून हॉटेलात?

कॉन्रॅड म्हणाला, बसा, पुढचं वाजवून दाखवतो. तिला बसायचं होतं, अगदी मनापासून. पण तिने घड्याळ बघितलं. सातला लॅब बंद करायची किल्ली तिच्याचकडे होती, आणि अश्लेषा तळवडेकर कधी कुठे उशिरा पोचली असं झालं नव्हतं. हा गुण घराण्याचा.

"मग बाबांनाच घेऊन या," तो म्हणाला. "दोघांना एकदमच ऐकवतो."

रात्री ताटावर बसल्यावर तिने ही गोष्ट सांगितली, तर बाबांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "होळीचे होते ते? आपल्या इथल्या होळीचे?"

आणि मग सव्वीस वर्षांत पोरीला कधी न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. त्रेसष्ट ते सत्तर, सात वर्षं, दर शनिवारी ते चर्चगेटच्या त्या हॉटेलामागच्या बोळात जाऊन बसायचे. आत जायला कोट लागायचा, टाय लागायचा, खिसा लागायचा. भांडी विसळणारा एक ओळखीचा झाला होता, तो सोड्याच्या बाटल्यांचं रिकामं खोकं बसायला उलटं टाकून द्यायचा. वेटर आत-बाहेर करताना मुदपाकखान्याचं दार उघडायचं तेवढा वेळ पियानो मोठ्याने, दार मिटलं की भिंतीपलीकडून. सिप्रियन लोपीस ती धून नेहमी साडेनऊनंतर वाजवायचे आणि बाबांची रात्रपाळी दहाला सुरू व्हायची. पावणेदहाला उठावंच लागायचं. तारेवर वेळेचा शिक्का असतो, उशीर लपत नाही.

"म्हणजे तुम्ही शेवट..."

"नाही ऐकला कधी," बाबा म्हणाले. "चेहराही नाही पाहिला. कधी वारले गं ते?"

"त्र्याण्णव साली."

तळवडेकरांनी इथे फ्लॅट घेतला एकोणनव्वदला. म्हणजे चार वर्षं दोघं एकाच गावात होते, रिक्षाने दहा मिनिटांवर. बाजारात केळी घेताना कधी शेजारीशेजारी उभे राहिले असतील, कोण जाणे. बाबा हात धुवायला उठले ते बराच वेळ मोरीतच उभे राहिले, नळ सोडून.

आता त्यांना होळीला नेणं ही दहा मिनिटांची बाब राहिली नव्हती. घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि बाबांचं हृदय निम्म्याने दमलेलं. डॉक्टरांनी जूनपासून जिना बंद केला होता. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, घरात ही दोघंच. अश्लेषाने कॉन्रॅडला हे सांगितलं, तर तिसऱ्या दिवशी तो रेकॉर्डवरून कॅसेट भरून घेऊन आला. जिना चढून, घामाघूम, आणि सोबत एक केळफूल.

बाबांनी कॅसेट लावली. अर्धं मिनिट ऐकलं आणि बटण दाबून बंद केली. फार प्रेमाने ते म्हणाले, "फार साफ आहे हो. ह्यात बशा नाहीत."

कॉन्रॅडला वाईट वाटेल असं अश्लेषाला वाटलं होतं. तो मात्र बाबांच्या पायाशी मांडी घालून बसला आणि विचारू लागला, बशा किती असायच्या, दार किती वेळाने उघडायचं, झणत्कार कसा यायचा. पोटभर बोलले दोघं. कॅसेट तिने कपाटात ठेवून दिली. बाबांच्या आधी आपण शेवट ऐकणं तिला बरं वाटेना.

मग तो येऊ लागला. कधी वाडीतली भाजी, कधी आत्याचा निरोप. क्लेमेंटीनबाई म्हणजे त्याची आत्या, सिप्रियनची मुलगी. निरोप असे असायचे की त्यासाठी तीन मजले चढायची काही गरज नव्हती. "आत्याने विचारलंय, तुमच्याकडे पाणी येतंय ना?" असा निरोप घेऊन जो मुलगा येतो, त्याच्या पोटात काय आहे हे सांगायला लॅब लागत नाही. अश्लेषाही ऑक्टोबरच्या उकाड्यात केसांत मोगरा माळू लागली. वाडीतलाच.

आणि एका सकाळी तो लॅबच्या खुर्चीत येऊन बसला, हात पुढे करून.

"टोचेल का?"

"पियानोवाल्यांना जास्त टोचतं. मूठ आवळा." शीर शोधताना तिने त्याचा हात हातात घेतला. रोज चाळीस हात धरायची ती. ह्या एकाला धरताना मात्र तिची बोटं जरा जास्त थांबली... आणि त्याने मूठ सोडलीच नाही.

"आता सोडा."

"तू सोड म्हण, मग सोडतो."

"सोड," ती म्हणाली, आणि तेव्हापासून ती दोघं एकमेकांना अरे-तुरे करू लागली.

पण नळीवर लिहायला तिने त्याचा फॉर्म ओढला आणि तिचा हात थांबला. जहाजावर नोकरीला जाणाऱ्यांची तपासणी होती ती. सिंगापूरहून सुटणाऱ्या प्रवासी जहाजावर पियानोवादक. नऊ महिन्यांचा करार, पाच डिसेंबरपासून.

"सांगणार होतो," तो म्हणाला.

"तपासण्या सगळ्या छान येतील तुझ्या," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्या दिवशी तिने दोन नळ्यांवर एकच नाव लिहिलं.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, लोपीसांकडे एक रीत होती. दुपारी दफनभूमीत कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या लावून झाल्या की सिप्रियनचे जुने श्रोते घरी यायचे. वांद्र्याहून, भायखळ्याहून, एक बाई तर थेट पुण्याहून. तेव्हा हॉटेलात यायचे तसेच कोट घालून यायचे. कोट आता सैल झालेले, डांबरगोळ्यांचा वास मारणारे. दरवर्षी एखादी खुर्ची कमी लागायची. आधी रेकॉर्ड लावायचे, आता कॉन्रॅड वाजवायचा. त्याने हट्ट धरला की ह्या वर्षी बाबांना न्यायचंच. डॉक्टरांनी चढू नका म्हटलं होतं, उचलून नेऊ नका असं कुठे म्हटलं होतं?

प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्याने आणि शत्रुघ्न रिक्षावाल्याने बाबांना तीन मजले खाली आणलं. बाबांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. "काका, घाबरू नका," शत्रुघ्न म्हणाला. "भरल्या पान्याच्या घागरी चढवल्यात मी. तुमी तर हलके हाव."

ते होळीला पोचले तेव्हा क्लेमेंटीनबाईंनी बाबांसाठी पुढच्या खोलीत पियानोजवळची खुर्ची मोकळी करून ठेवली होती. बाबा उंबऱ्यातच थांबले. सगळ्या कोटांकडे पाहिलं, नमस्कार केला आणि हळूच अश्लेषाला म्हणाले, "मागचं दार कुठे आहे?"

शेवटी ते स्वयंपाकघराबाहेरच्या पायरीपाशी बसले, टोमॅटोच्या उलट्या क्रेटवर, समोर केळी आणि बावखलाच्या लहानशा तळ्यातलं शेवाळलेलं पाणी. क्लेमेंटीनबाई दुखऱ्या पायाने मोरीपाशी उभ्या राहून बशा विसळत होत्या, विसळलेल्याच पुन्हा विसळत होत्या. आणि अश्लेषा मधल्या दारात उभी राहून दार उघडत होती, मिटत होती, वेटर यायचे-जायचे त्या बेताने. उघडलं की आत पियानोवर वाकलेली कॉन्रॅडची मान दिसायची आणि एकदा त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. मिटलं की बाबांची पाठ. असा रहाट फिरत राहिला. बाबांचा उजवा पाय जमिनीवर ताल धरत होता. त्यांना इतकं सुखात तिने आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मग ती जागा आली. बाबांनी घड्याळ बघितलं, गुडघ्यावर हात टेकले आणि ते उठले.

"बाबा, अजून आहे. थोडंसंच राहिलंय."

"राहू दे गं," बाबा म्हणाले. डोळे भरले होते, चेहरा हसरा. "पुढच्या वेळी ऐकू."

तिने त्यांना सावरायला धाव घेतली, मागे दार आपटून मिटलं आणि शेवट तिचाही राहिला. आत टाळ्या ऐकू आल्या तेव्हा दोघं केळीपाशी पोचली होती. पुण्याच्या त्या बाई नंतर क्लेमेंटीनबाईंना म्हणाल्या की आम्ही आत बसून निम्मा वेळ गप्पाच मारायचो, खरं ऐकलं ते ह्या गृहस्थांनी.

दोन दिवसांनी बाबा आपणहून बोलले. ती त्यांची नखं कापत होती.

"सत्तर साली तो भांडीवाला म्हणाला, तळवडेकर, आज साहेबांचा इथला शेवटचा शनिवार, आज तरी थांबा. रजा टाकता आली असती मला. सात वर्षांत एक रजा नव्हती घेतलेली."

"मग का नाही टाकलीत?"

"भीती वाटली. शेवट ऐकला तर शनिवार संपतील असं वाटायचं." ते थोडं थांबले. "संपलेच की. मी उठल्यामुळे काही राहिले नाहीत ते. परवाही तीच चूक केली बघ, सवयीने. ह्या रविवारी परत नेशील?"

रविवारी पाऊस नसताना आभाळ भरून आलं आणि बाबांच्या पायांवर सूज चढली. पुढच्या रविवारी नेऊ म्हटलं. बारा तारखेला दुपारी जेवून ते आडवे झाले, ते उठलेच नाहीत. चहाला दूध तापवून ती हाका मारत राहिली.

कॉन्रॅड स्मशानात आला होता. सगळ्यांच्या मागे, चपला काढून उभा होता. दिवसकार्याला बाबांची बहीण, मनोरमा आत्या, डोंबिवलीहून आली. तिने त्याला दारात पाहिलं आणि तो गेल्यावर म्हणाली, आता तुझं बघायचं आमच्यावर आलं, एक चांगलं स्थळ आहे, आपल्यातलं. 'आपल्यातलं' ह्या शब्दावर तिने जरा जोर दिला. अश्लेषा चहाचे कप गोळा करू लागली. बोलायचं तरी काय? जाणारा माणूस जाणार होता. आपण आधीच उठलेलं बरं, तिला वाटलं. त्याचे दोन निरोप आले, दोन्हींना ती नाही भेटली. रात्री मात्र उशी ओली व्हायची. बाबांसाठी किती आणि त्याच्यासाठी किती, हे वेगळं काढता येत नव्हतं.

पाच डिसेंबरला सकाळी सातला ती होळीला गेली, कॅसेट परत द्यायला. निदान स्वतःला तरी तिने तसंच सांगितलं होतं. केळीच्या पानांवरून दव ठिबकत होतं. ओट्यावर बांधलेली बॅग तयार होती. क्लेमेंटीनबाईंनी तिला पाहिलं, "ये बाय," एवढंच म्हणाल्या आणि चहाच्या निमित्ताने आत गेल्या.

"दहाला निघतोय," कॉन्रॅड म्हणाला.

"माहितीय. ही कॅसेट."

"ऐकलीस?"

तिने मान हलवली. नाही.

तो पियानोपाशी जाऊन बसला. ती भिंतीजवळच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घट्ट धरून. रहाट सुरू झाला. बैल फिरला, पोहरे भरून वर आले, पाटातून पाणी वाहिलं. ती जागा जवळ आली तसा तिचा जीव घाबरा झाला. इथे दाढीचा ब्रश पाण्यात बुडायचा. इथे बाबा गुडघ्यावर हात टेकायचे. इथून पुढे बाबा नाहीत.

ती उठली. "निघते मी. आठला उघडायचं असतं, उपाशीपोटी आलेले लोक खोळंबतात."

पियानो थांबला. कॉन्रॅडने वळून पाहिलं नाही. "उठलीस तर मीही पुढे वाजवणार नाही," तो म्हणाला. "जहाजावर नाही, कुठेच नाही. इथपर्यंतच वाजवेन. तुझ्या बाबांसारखं."

घरात कुठेतरी घड्याळ टिकटिकत होतं. अश्लेषा दारापर्यंत गेली, चौकटीला हात लावला. रजा टाकता आली असती मला... ती परत आली आणि बसली. ह्या खेपेला पर्स जमिनीवर ठेवली.

तो पुढे वाजवू लागला. तिला वाटलं होतं, इतक्या वर्षांचं राहिलेलं आहे, काहीतरी मोठं येईल. तसं काहीच आलं नाही. रहाट हळू झाला. बैल सोडल्यावर चाक जसं दोन आचके देतं तसे दोन आचके आले. शेवटच्या पोहऱ्यातलं पाणी थेंब थेंब पडलं. आणि थांबलं.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच. आजोबा म्हणायचे, लोकांना घरी जायचं असतं, शेवट साधा असावा."

"किती वेळ लागला?"

"मिनिटभर. कमीच असेल."

एक मिनिट. सात वर्षं दर शनिवारी एक मिनिट, आणि त्या पायरीपाशी आणखी एक. अश्लेषाला रडू फुटलं. स्मशानात आलं नव्हतं, दिवसकार्यात आलं नव्हतं, ते सगळं आत्ता आलं. कॉन्रॅड तिच्यासमोर जमिनीवर बसला, बाबांसमोर बसला होता तसा, मांडी घालून.

"कॉन्रॅड," रडू आवरत ती म्हणाली, "जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. जा. पण मला तू हवा आहेस. आत्या डोंबिवलीचं स्थळ आणणार आहे, तिला मी नाही म्हणून सांगणार आहे. तू नाही आलास तरी सांगणार आहे. हे न बोलता मला उठायचं नव्हतं."

त्याने तिचा हात हातात घेतला आणि शीर असते तिथे बोट ठेवलं. "सप्टेंबरमध्ये येतो," तो म्हणाला. "पाच तारखेला. आलो की आधी तुझ्याकडे, मग घरी. माझ्या आत्याला सांगून ठेवलंय मी."

आत स्वयंपाकघरात बशा वाजल्या. क्लेमेंटीनबाई विसळलेल्याच बशा पुन्हा विसळत होत्या. बाहेर ऊन केळीवर आलं होतं. तिकडे माणिकपुरात लॅबच्या बंद शटरसमोर उपाशी माणसं जमायला लागली असतील.

"अशू, आठ वाजून गेले," तो म्हणाला. "तुला उशीर होतोय."

"होऊ दे," अश्लेषा म्हणाली.